मानाचा फेटा, पैसे आपले

“आक्का, जरा हिकडं या. आन् चष्मा घिऊन या.”

वैनींनी चष्म्यासकट बोलावलं म्हणजे एकतर औषधाची बाटली, नाहीतर मोबाईल. आज मोबाईल निघाला. आमच्या दोघींच्या मधल्या तारेच्या कुंपणावर घोसाळ्याचा वेल चढलाय. त्यात खिडकीएवढी जागा आम्ही बोलून बोलून मोकळी ठेवलीय. तिथून त्यांचा हात पुढं आला. दुसऱ्या हातात सूप, सुपात वाघ्या घेवडा. आपल्या कोरेगावच्या या घेवड्याला २०१६ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, तेव्हापासून वैनी निवडताना दाणा उन्हाला धरून त्यावरचे तांबडे पट्टे बघतात. पट्टा पुसट असला की दाणा घरच्या आमटीला, ठळक असला की पाहुण्यांना.

“आमच्या धाकटीला बक्षीस लागलंय. वाचा मोठ्यानं.”

वाचलं. ‘आपल्या प्रदीर्घ साहित्यसेवेची दखल घेऊन’ अशी सुरुवात. धाकट्या सुनेची प्रदीर्घ साहित्यसेवा म्हणजे दिवाळी अंकात आलेल्या दोन कथा, त्यातली दुसरी मागच्याच दिवाळीतली. तर तिला एक राज्यस्तरीय रत्न द्यायचं ठरलं होतं. सन्मानचिन्ह, सन्मानपत्र, शाल आणि मानाचा फेटा. खाली बारीक अक्षरात नोंदणी शुल्क २,१०० रुपये. सोबत येणाऱ्याचे जेवणाचे ३०० वेगळे.

“म्हंजी माजं तीनशे?”

“तुमचे. तुम्ही टाळ्या वाजवायला जाणार ना.”

“टाळ्याबी म्याच वाजवायच्या आन् पैकंबी म्याच भरायचं?”

त्यांचा हिशेब लगेच जुळला, हे बरं झालं. शिकलेल्यांना हाच हिशेब फार उशिरा कळतो. मी पोस्टात नोकरी केली. गावात कोण लिहितं, हे पोस्टाला घरच्यांच्या आधी कळतं. खाकी पाकिटात पुस्तकाच्या दोन-दोन, तीन-तीन प्रती, वर पत्ता ‘कै. अमुकतमुक स्मृती साहित्य पुरस्कार समिती’, आणि काउंटरवर लाजत विचारणारा माणूस, “बाई, बुकपोस्टानं जाईल ना?” तेव्हा जायचं. ते रजिस्टर बुकपोस्ट डिसेंबर २०२४ मध्ये बंद केलं. तेव्हा पुरस्काराच्या आशेवर जगणाऱ्यांचा खर्च वाढला. त्याबद्दल कुणी मोर्चा काढला नाही. लेखक मंडळी मोर्च्यावर कथा लिहितात, काढत नाहीत.

“म्हंजी ती स्मृतीवाली समदी लबाडच म्हणायची?”

“छे. बापाच्या नावानं वर्षाला पाच हजार बाजूला काढून कथासंग्रहाला देणारी घरं महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. वर्षश्राद्धाच्या पंगतीपेक्षा ते बरं. फक्त एक बघायचं, पैसे कुणाकडून कुणाकडं जातात. लेखकाकडं आले तर पुरस्कार. लेखकाकडून गेले तर वर्गणी.”

“मंग सरकारचं कायतरी आसंल की.”

आहे. आणि नावापासून आपल्याच भागातलं आहे. स्वर्गीय यशवंतराव चव्हाण राज्य वाङ्मय पुरस्कार. त्यात कथेची दोन दारं. एक मुरलेल्यांचं, दिवाकर कृष्णांच्या नावाचं, एक लाखाचं. दुसरं पहिलंच पुस्तक आलेल्यांचं, ग. ल. ठोकळ यांच्या नावाचं, पन्नास हजारांचं. या दुसऱ्यात मला आवडतं ते असं, की त्यात वय विचारत नाहीत. पुस्तक पहिलं पाहिजे, एवढंच. साठीला पहिलं पुस्तक काढा, तरी तुम्ही नवेच.

“यशवंतराव म्हंजी आपलं कऱ्हाडचं?”

“तेच. जन्म देवराष्ट्र्याचा. आता सांगली जिल्हा, तेव्हा सातारा. मुख्यमंत्री असताना त्यांनी १९६० साली साहित्य संस्कृती मंडळ काढलं, आणि पहिले अध्यक्ष नेमले वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी.”

“मंग समदं सातारचंच की वो!”

“माणसं सातारची, कचेरी प्रभादेवीला. तरी प्रत्येकानं मुंबई गाठायला नको म्हणून पुरस्कारासाठीची पुस्तकं साताऱ्याच्या कलेक्टर कचेरीतही घेतात. जाहिरात निघाली की आदल्या वर्षी छापलेलं पुस्तक आणि अर्ज तिथं द्यायचा.”

याच तर्कतीर्थांच्या नावानं अनुवादाचा पुरस्कार आहे. डिसेंबर २०२२ मध्ये तो ‘फ्रॅक्चर्ड फ्रीडम’ या पुस्तकाच्या मराठी अनुवादाला जाहीर झाला आणि आठवड्याभरात सरकारनं रद्द केला. निवड समितीही बरखास्त. मग ज्यांना त्याच यादीत पुरस्कार मिळाले होते, त्यांतल्या काहींनी आपलेही परत केले. वैनींना मी हे सांगितलं तर म्हणाल्या, “दिल्यालं माघारी घेत्यात? लग्नातला आहेर हाय का?” मला त्यावर काही सुचलं नाही. परत करायची रीत तशी जुनी. जी. ए. कुलकर्णींनी ‘काजळमाया’ला मिळालेला साहित्य अकादमीचा १९७३ चा पुरस्कार परत केला होता, पुस्तक नेमकं कुठल्या साली बाहेर पडलं या वादापायी. एवढा मानी माणूस कथाकारांतच निघायचा.

एवढ्यात धाकटी बादली घेऊन कपडे वाळत घालायला आली. तिला आधीच कल्पना होती. “आत्या, त्या मेसेजला उत्तर देऊ नका. माझ्या वर्गातल्या चौघीजणींना तेच रत्न आलंय.”

“मंग तुज्याकडं काय हाय?” वैनींचा आवाज पडला.

“माझ्याकडं पुस्तक नाही, आत्या. सगळ्यांना पुस्तक लागतं.”

गोम हीच आहे. कविता चार ओळींची असो, कथा दहा पानांची असो, पुरस्कार पुस्तकाला मिळतो. कादंबरी लिहिणाऱ्यानं एक लिहिली की पुस्तक झालं. कथाकाराला दहा-बारा कथा जमेपर्यंत थांबावं लागतं, आणि त्या दहा-बारांपैकी प्रत्येकीला कुणीतरी संपादक आधी भेटावा लागतो. वर पुष्कळ जागी प्रकाशक म्हणतो, छापतो, पण शंभर प्रती तुम्ही घ्या. म्हणजे परत ते २,१०० वालंच, फक्त आकडा मोठा आणि फेटा नाही.

म्हणून मी धाकटीला साहित्य संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेचं सांगत होते. ज्याचं एकही पुस्तक नाही, त्याचं हस्तलिखित मागवतात, तज्ज्ञ वाचतात, पसंत पडलं तर पहिलं पुस्तक छापायला अनुदान देतात. कथा, कविता, कादंबरी, नाटक, सगळ्याला. याची कुणी मिरवणूक काढत नाही, फोटोही येत नाही. पण पुस्तक व्हायच्या आधी हात देणारी ही गोष्ट आहे. पुरस्कार सगळे पुस्तक झाल्यावर येतात. पेरणीला बी कुणी द्यायचं हा खरा प्रश्न.

“दिल्लीचं काय न्हाय?” वैनींना आता गोडी लागली होती.

दिल्लीचा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार आहे. २०११ पासून. पन्नास हजार रुपये आणि ताम्रपट. वयाची अट पस्तीस. मराठीत २०१६ साली तो मनस्विनी लता रवींद्र यांच्या ‘ब्लॉगच्या आरशापल्याड’ या कथासंग्रहाला मिळाला. एरवी बहुतेक कवी आणि कादंबरीकार घेऊन जातात. आणखी एक पंतप्रधान युवा योजना आहे, २०२१ मध्ये सुरू झाली, नॅशनल बुक ट्रस्ट चालवतं. पहिल्या खेपेला देशभरातून ७५ जण निवडले. निवड झाली की महिन्याला पन्नास हजार, सहा महिने, आणि पुस्तक तेच छापणार. विषय मात्र त्यांनी ठरवून दिलेला. मुंबईच्या यशवंतराव चव्हाण सेंटरची शरद पवार इन्स्पायर फेलोशिपही आहे, त्यात शेती आणि शिक्षणाबरोबर साहित्यही आहे.

“महिन्याला पन्नास हजार! आगं मंग भर की फारम!”

“आत्या, त्याला तिशीच्या आत पाहिजे. मी बत्तीसची.”

वैनींनी सूप खाली ठेवलं. “तिशीच्या आत? तिशीच्या आत बाईमाणसाला दोन पोरं, सासरा आजारी, दीर शिकतोय. कंदी लिवायचं तिनं?”

मी पोस्टात एवढी वर्षं लोकांचे अर्ज बघितले, पण हे एवढं नेमकं मला कुणी सांगितलं नव्हतं. वय जन्मापासून मोजतात. लिहायला हातात पेन आल्यापासून मोजलं असतं तर अर्ध्या बायका अजून पंचविशीतल्या निघाल्या असत्या. तीस आणि पस्तीस या अटी पुण्या-मुंबईत कॉलेजातून सरळ लिहायला बसलेल्या मुलांना बेताच्या आहेत. आमच्या गल्लीत त्या बसत नाहीत. म्हणून ठोकळांच्या नावाचा तो बिनवयाचा पुरस्कार मला जास्त शहाणा वाटतो, रक्कम तीच असली तरी.

“आणि आले असते ते पन्नास हजार तर काय केलं असतंस गं?” मी धाकटीला विचारलं.

“चपात्यांना बाई लावली असती,” ती म्हणाली. विचारही केला नाही.

“पन्नास हजारांच्या चपात्या!” वैनी.

“सकाळचे दोन तास मिळाले असते, आत्या. चपात्या आपण सगळ्यांनीच खाल्ल्या असत्या.”

वैनींनी एक खडा काढून वेलाच्या मुळाशी टाकला आणि विषय बदलला. तो विषय मला माहीत होता, नवनाथ गोरे. आमच्याकडं पुरस्काराचा विषय निघाला की गाडी जतला जातेच. “त्यो जतचा पोरगा न्हाय का, पेपरात आल्याला?”

तोच. जत तालुक्यातलं निगडी, आपलाच दुष्काळी पट्टा. ‘फेसाटी’ ही त्यांची पहिली कादंबरी, मेंढपाळाच्या घरातलं पोर शिकायला धडपडतं त्याची. २०१८ चा युवा पुरस्कार तिला मिळाला. पुढं ते नगर जिल्ह्यात तासिकेवर शिकवत होते. २०२० चं लॉकडाऊन आलं, तासिका थांबली, वडीलही गेलेले, आणि अकादमीचा ताम्रपट घरात असलेला लेखक गावाकडं दुसऱ्याच्या रानात मजुरीला गेला. ऑगस्टमध्ये बातमी देशभर झाली. मग तेव्हाचे मंत्री विश्वजित कदम यांनी भारती विद्यापीठात काम देऊ केलं. चांगलं झालं. पण बातमी झाली नसती तर?

आणि तुळजापूरचे देवीदास सौदागर, शिलाई करणारे, ‘उसवण’ कादंबरीला २०२४ चा युवा. रेडीमेड कपड्यांनी शिंप्याचं दुकान कसं उसवतं, तेच पुस्तकात. पन्नास हजार हे अशा घरात एक दुरुस्ती, एक देणं, आणि लगेच पुढचा महिना.

“आन् आदी? आदीच्या लोकास्नी काय मिळायचं?”

आधीचं काय सांगू. वाटेगावच्या अण्णाभाऊ साठेंच्या ‘फकिरा’ला १९६१ साली राज्य सरकारचं पारितोषिक मिळालं. रशियन भाषेपर्यंत गेलेला माणूस, शेकड्यांनी कथा, आणि १९६९ मध्ये गोरेगावात हलाखीतच गेला. आता त्यांच्या नावानं महामंडळ आहे, पुतळे आहेत, चौक आहेत. मेल्यावर आपल्याकडं कुणी कमी करत नाही.

पण एक गोष्ट तेव्हा बरी होती, आणि ती आपल्याच रेल्वेवर होती. कोरेगाव स्टेशनातून मिरजेकडं जाणारी गाडी किर्लोस्करवाडीला थांबते. तिथं नांगराच्या कारखान्याशेजारी शंकरराव किर्लोस्करांनी १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ काढली, पुढं तिचंच ‘किर्लोस्कर’ मासिक झालं. १९३० मध्ये ‘स्त्री’, १९३४ मध्ये ‘मनोहर’. लोखंडाच्या भुशात कथा छापल्या जायच्या आणि पोस्टानं घरोघर जायच्या. महिन्याच्या महिन्याला कथा मागणारी मासिकं, छापली की मनीऑर्डर. नव्या लेखकाला याहून मोठी शिष्यवृत्ती कुठली? पुरस्कार एकाला मिळतो, मासिकाला दर महिन्याला पाच-सहाजण लागतात. माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर, आटपाडीचे शंकरराव खरात, सगळे असे मासिकांतून वर आले. ‘सत्यकथा’ मासिकही १९८२ मध्ये बंद पडलं. आता कथा वर्षातून एकदाच पिकते, दिवाळीला. आणि मानधनाऐवजी अंक येतो, तोही आला तर.

“बायका न्हाईत व्हय त्यात?”

“चारुता सागर,” मी म्हणाले.

“हां, बगा! बाई हायच की.”

“पुरुष. दिनकर भोसले. कवठेमहांकाळच्या मळणगावचे मास्तर. नाव असं घेतलं. ‘जोगवा’ पिक्चर बघितलात ना, त्यातली एक गोष्ट यांची.”

वैनी मनापासून हसल्या. “म्हंजी बाईचं नाव लावलं तर छापून येतंय!” धाकटी कपडे झटकता झटकता थांबली आणि म्हणाली की एक बाई आहे, जिवंत आहे, आणि तिची कथाच जगात पहिली आली. मग तिनंच सांगितलं. कर्नाटकात हासनला राहणाऱ्या बानू मुश्ताक, वकिली करतात. कन्नडमधून लिहितात. ‘हार्ट लॅम्प’ नावानं त्यांच्या बारा कथा इंग्रजीत गेल्या आणि मे २०२५ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं. कथासंग्रहाला ते बक्षीस मिळायची ही पहिलीच वेळ. पन्नास हजार पौंड. कथा मुसलमान घरांतल्या बायकांच्या, तीसेक वर्षांत लिहिलेल्या.

“पन्नास हजार पौंड समदं तिलाच?”

“निम्मे तिला, निम्मे अनुवाद करणाऱ्या दीपा भास्तींना.”

“निम्मं-निम्मं?” वैनींनी माझ्याकडं बघितलं. “आमच्यात भावाभावांत बांध कोरायचा म्हटलं तरी कोर्टात जात्यात, आन् ह्या दोघी निम्मं-निम्मं?”

मला मात्र बुकरपेक्षा ते तीस वर्षांचं ऐकून बरं वाटलं. तीस वर्षं ती बाई कन्नड मासिकांत, कन्नड वाचकांसाठी लिहीत राहिली. त्यांच्याकडं ती जागा टिकली. आपल्याकडं जानेवारी २०२६ च्या पहिल्या चार दिवसांत साताऱ्याला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, नव्याण्णवावं, विश्वास पाटील अध्यक्ष. साताऱ्याला १९०५, १९६२, १९९३ आणि आता २०२६. ग्रंथप्रदर्शनात गर्दी अशी, की भेळेच्या गाड्याला जागा मिळेना. एवढी माणसं पुस्तकं घेतात, पण त्यांना कथेचं एखादं मासिक महिन्याला हवं असं वाटत नाही. संमेलनावर खर्च होतो त्यातल्या मांडवाच्या कापडाएवढे पैसे काढले, तर तालुक्यातल्या दोन पोरींना वर्षभर महिन्याला एक कथा लिहायला मानधन देता येईल. असं मी म्हटलं की लोक म्हणतात, आक्का, तुम्ही रिटायर झालात, आता काय बोलाल.

“बरं ते ऱ्हाऊ द्या,” वैनी म्हणाल्या. “हिनं त्या मंडळाचं फारम भरावं, आसंच ना? किती गोष्टी लागत्यात?”

“संग्रह होईल एवढ्या.”

“किती झाल्या गं?”

“नऊ,” धाकटी म्हणाली. “दहावी चालू आहे.”

“कशावर हाय?”

“घेवड्यावर.”

वैनी खूष झाल्या. सुपातले दाणे उगाच एकदा पाखडले. “घेवड्यावर! म्हंजी जीआयवर?”

“नाही. एक बाई घेवड्याचं पोतं घेऊन आडतीला जाते. घरी मोजलं तेव्हा पन्नास किलो असतं, आडतीत सत्तेचाळीस भरतं. ती काही बोलत नाही. पण दुसऱ्या वर्षी ती पोत्यात स्वतःचं वजन टाकून बसते, म्हणते, आता मोज.”

“आन् आडत्या कसा हाय त्यातला?”

“बसका. हातात पुष्कराजाची अंगठी. बोलताना मधे मधे ‘देवाशपथ’ म्हणतो.”

वैनींचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यांच्या दिरांची आडत आहे, हे सगळ्या पेठेला माहीत आहे. अंगठीही. त्यांनी कुंपणातून माझा हात धरला.

“आक्का, ह्ये पुस्तक झालं तर समदी वाचत्याल का वो?”

“मराठी कथासंग्रह आहे, वैनी. पाचशे प्रती निघतील, निम्म्या प्रकाशकाच्या माळ्यावर राहतील. भाऊजींच्या केसाला धक्का लागत नाही.”

त्यांनी जरा वेळ मनात तोलून बघितलं, मग धाकटीला म्हणाल्या, “मंग भर बाई फारम. आन् त्या फेट्यावाल्याला लिव्ह, आमास्नी परवडत न्हाय म्हनून.”